विश्लेषण : सँडो बनियनमधला ‘सँडो’ कोण होता? पीळदार शरीराचे वेड नेमके कुठून आले?

बिनबाह्यांच्या बनियनला आपल्याकडे सर्रास ‘सँडो’ म्हणतात. हे नाव ज्याच्यावरून आले असे मानले जाते, तो युजिन सँडो 1925 मध्ये वारला. आज तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या मोबाइलवर पीळदार शरीरांचे फोटो येतात, दंड-छातीची मापे येतात आणि पाठोपाठ एखाद्या पावडरीची जाहिरात येते. या सगळ्याची बरीचशी सुरुवात या एका माणसापाशी सापडते.

सर्कशीतून लंडनमध्ये

सँडोचा जन्म 1867 मध्ये प्रशियातील कोनिग्सबर्गचा. हे शहर आज कॅलिनिनग्राड या नावाने रशियात आहे. त्याचे खरे नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. सक्तीची लष्करी नोकरी टाळण्यासाठी त्याने तरुणपणीच घर सोडले आणि तो सर्कशीत शिरला. ब्रसेल्समध्ये त्याला लुई डुर्लाकर ऊर्फ ‘प्रोफेसर अटिला’ हा उस्ताद भेटला. 1889 मध्ये लंडनच्या रंगमंचावर सॅम्सन नावाच्या नामांकित बलदंडाला त्याने हरवले आणि एका रात्रीत त्याचे नाव झाले.

आपण लहानपणी अशक्त होतो, वडिलांबरोबर इटलीला गेलो, तिथले प्राचीन पुतळे पाहिले आणि तसे व्हायचे ठरवले, असे सँडो सांगत असे. चरित्रकारांना ही हकीकत फारशी पटत नाही. पण काडीपैलवानाचा पहिलवान झाला ही गोष्ट विकायला सोपी होती. आजही ती तितकीच खपते.

ताकद मागे पडली, शरीर पुढे आले

1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात फ्लोरेन्झ झिगफेल्ड या तरुण निर्मात्याने सँडोचे खेळ लावले. सँडो किती वजन उचलतो यापेक्षा त्याचे स्नायू कसे फुगतात हे पाहण्यात लोकांना जास्त रस आहे, हे झिगफेल्डने हेरले. मग खेळाचा भर बदलला. प्रेक्षकांसमोर नुसते उभे राहणे, दंड फुगवणे, पाठ दाखवणे हाच कार्यक्रम झाला. पुढच्याच वर्षी एडिसनच्या स्टुडिओत त्याच्यावर एक छोटी फिल्म निघाली. तीत तो वजन उचलत नाही, फक्त शरीर दाखवतो.

हे शरीर खरे होते, मेहनतीने कमावलेले होते. पण ते दिसत असे तसे दिवसभर नव्हते. संगमरवरी पुतळ्यासारखे भासावे म्हणून सँडो अंगाला पांढरी पावडर फासत असे. मागे काळी मखमल, वरून नेमका पडणारा प्रकाश आणि ताणून धरलेले स्नायू असा सगळा सरंजाम असे. तेव्हा फिल्टर नव्हते. फिल्टरचे काम पावडर आणि दिव्यांनी केले. असे फोटो पोस्टकार्डांवर छापून घरोघरी गेले आणि ते पाहून आरशासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला ही तयारी ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

1901 मध्ये तर लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने युरोपीय वंशाचा आदर्श नमुना म्हणून सँडोच्या शरीराचा साचा घेऊन पुतळा केला. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली आणि पुतळा लवकरच आत गेला. एका माणसाच्या मापावरून सगळ्यांना मोजण्याचा तो खुळचट प्रयोग होता.

सल्ला बरा, दुकान वेगळे

सँडोने 1897 मध्ये लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली, पुस्तक लिहिले, पुढच्या वर्षी मासिकही सुरू केले. त्याचा मूळ सल्ला आजही फारसा चुकीचा वाटत नाही. हलके डंबेल्स, रोज थोडा वेळ, मन लावून व्यायाम. मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते, कमी वजनाचे. खाण्याबद्दल त्याचे म्हणणे साधे होते. खास खुराक नको, नेहमीचे अन्न बेताने खावे.

1901 च्या सप्टेंबरमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल परीक्षकांत होते. सर्वांत मोठ्या दंडाला बक्षीस, असा नियम नव्हता. शरीराचा समतोल, एकूण आरोग्य, त्वचेची स्थिती यांनाही गुण होते.

पण दुकान वाढत गेले. स्प्रिंगचे डंबेल्स, ओढायचे रबरी यंत्र, बायकांसाठी कॉर्सेट आणि शेवटी ‘आरोग्य व शक्ती’च्या नावाने कोको. खास खुराक नको म्हणणाऱ्याने शक्तीचे पेय डब्यात भरून विकले! महायुद्धात त्याचे जर्मन मूळ आडवे आले आणि कोकोची कंपनी बुडाली.

वाढत्या वयात काय लक्षात घ्यावे?

सँडो प्रौढ होता, हे त्याचे फोटो पाहताना विसरले जाते. वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये साधारण 8 ते 13 आणि मुलांमध्ये 9 ते 14 या वयात कधीही होऊ शकते. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीरात काही वर्षांचे अंतर दिसणे हे सर्वसाधारण आहे. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढण्याआधी व्यायामाने ताकद येते, पण स्नायूंचा आकार फारसा वाढत नाही. तो किती वाढणार हे पुढेही बरेचसे आनुवंशिकतेवर ठरते. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी रोज सरासरी 60 मिनिटे हालचाल सुचवते. खेळ, सायकल, नाच सगळे त्यात येते. बहुतेक निरोगी मुलांची प्रथिनांची गरज डाळ-भात, उसळ, दूध, शेंगदाणे, अंडी यांतून भागते. डबा लागत नाही. जेवण टाळून बारीक होण्याचा प्रयत्न मात्र याच वयात जास्त महागात पडतो, कारण हाडे तेव्हाच भरत असतात.

औंधचे राजे आणि सँडो

1904-05 मध्ये सँडो हिंदुस्थानात येऊन गेला. पण महाराष्ट्रात तो त्याआधीच पोहोचला होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याची साधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे नेमाने त्याचा व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले, गादीवर आल्यावर ते संस्थानातील शाळांत नेले आणि 1928 मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक काढले. सूर्यनमस्काराला ना यंत्र लागते, ना मासिकाची वर्गणी.

सँडो 14 ऑक्टोबर 1925 रोजी, वयाच्या 58 व्या वर्षी गेला. खड्ड्यात अडकलेली मोटार एकट्याने उचलताना त्याला इजा झाली, अशी बातमी पसरली. खरे कारण काहीही असो, त्याच्या मृत्यूलाही ताकदीचीच गोष्ट जोडली गेली. बायकोने त्याला लंडनमधील पटनी व्हेल दफनभूमीत नावाचा दगडही न लावता पुरले. तो दगड लागायला एकविसावे शतक उजाडले. मिस्टर ऑलिम्पिया स्पर्धेतील विजेत्याला मात्र 1977 पासून सँडोचीच छोटी मूर्ती दिली जाते.