फुकट ऑपरेशनने पाय वाचला, त्याच पोराने पुढे सरकारी आरोग्य विमा आणला

कॅनडात डॉक्टरकडे गेलं तर बिल हातात पडत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. त्याचं श्रेय सगळ्यात जास्त दिलं जातं ते टॉमी डग्लस यांना.

जन्म 1904, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कचा. कुटुंब कॅनडात विनिपेगला आलं तेव्हा लहानग्या टॉमीच्या पायाच्या हाडात संसर्ग झालेला. चांगला सर्जन परवडत नव्हता, पाय कापायचीच वेळ आली होती. तेवढ्यात एका सर्जनला ही केस विद्यार्थ्यांना शिकवायला उपयोगी वाटली आणि त्याने पैसे न घेता ऑपरेशन केलं. पाय वाचला, पण निव्वळ नशिबाने. पोराचा पाय आईबापाच्या खिशावर अवलंबून नसावा, हे डग्लस यांच्या डोक्यात तेव्हापासून बसलं.

आधी ते पाद्री झाले, मग राजकारणात आले. 1944 मध्ये सस्कॅचेवान प्रांताचे प्रमुख झाल्यावर आरोग्य खातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. प्रांत शेतीवर जगणारा, तिजोरीत खडखडाट. त्यामुळे सुरुवात तळातून केली. 1945 मध्ये पेन्शनवर जगणारे म्हातारे, अंध आणि सरकारी भत्त्यावर घर चालवणाऱ्या आया यांचे उपचार मोफत झाले. 1947 मध्ये थोड्याशा वार्षिक हप्त्यात सगळ्यांना हॉस्पिटलचा विमा मिळाला.

डॉक्टरची फी मात्र अजून खिशातूनच जायची. केंद्र सरकारने 1957 च्या कायद्याने हॉस्पिटलच्या खर्चाचा साधारण अर्धा वाटा उचलायचं ठरवलं, तेव्हा प्रांताचे पैसे मोकळे झाले. डग्लस यांनी 1959 मध्ये डॉक्टरांच्या फीचाही विमा जाहीर केला.

डॉक्टर भडकले. 1 जुलै 1962 ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी संपही. ब्रिटनमधून डॉक्टर आणावे लागले. संप 23 दिवस चालला. तेव्हा डग्लस खुर्चीवर नव्हते. देशपातळीवरच्या नव्या पक्षाचं नेतृत्व करायला त्यांनी 1961 मध्येच पद सोडलं होतं, आणि संपाच्या दोन आठवडे आधी याच प्रांतातल्या रेजायना शहरातून निवडणूकही हरले होते. किल्ला लढवला तो त्यांच्या जागी आलेल्या वुड्रो लॉइड यांनी. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

शेवटी तडजोड झाली. डॉक्टर आपला दवाखाना स्वतःच चालवणार, बिल सरकार भरणार. हाच नमुना 1966 च्या कायद्याने देशभर नेला, आणि 1972 पर्यंत सगळे प्रांत त्यात आले. दातांचे उपचार आणि दुकानातून घ्यायची औषधं मात्र त्या कायद्यात आली नाहीत.