मुलांचे जग ओळखणाऱ्या ताराबाई

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे कार्य केले. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार व १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण केंद्र सुरू केले. माँटेसरीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती. आदिवासी मुलेही शाळेत येईनात. तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी पाड्यावरच अंगणवाडी भरवली. शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

चिमुकल्यांसाठी नवे चित्रपुस्तक निवडतानाही पालकांना हीच दृष्टी उपयोगी ठरते. भीमाकाठच्या वडगाव रासाईतील बालकाला चित्रात आपली नदी, ऊस, बैल दिसले, की ते बोट ठेवून स्वतःच गोष्ट सांगू लागते.