विश्लेषण : महिला उमेदवार जिंकू शकते का? नागपूरने १९५२मध्येच दिलेले उत्तर… आणि नंतर काय झाले?

अमेरिकेत २०१६मध्ये हिलरी क्लिंटन आणि २०२४मध्ये कमला हॅरिस पराभूत झाल्यावर महिला उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकू शकते का, हा प्रश्न जगभर चघळला गेला. भारतात त्याचे उत्तर कागदावर तरी मिळालेले आहे. २००७मध्ये प्रतिभा पाटील आणि २०२२मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. पाटील त्याआधी अमरावतीच्या खासदार होत्या, म्हणजे विदर्भाशी त्यांचे नाते जुने. पण राष्ट्रपतीची निवड जनता थेट करत नाही. थेट जनतेच्या मतांवर महिलेने निवडून येण्याची कसोटी नागपूरने स्वतंत्र भारताच्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत पाहिली होती. उमेदवार होत्या अनसूयाबाई काळे.

अनसूयाबाई काळे कोण होत्या?

जन्म १८९६चा, बेळगावचा. माहेरचे आडनाव भाटे. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत आणि नंतर बडोदा कॉलेजात. त्या काळी मुलीला कॉलेजपर्यंत पाठवणारी घरे बोटावर मोजण्याइतकी होती. १९१६मध्ये लग्न झाले आणि त्या नागपूरकर झाल्या. येथे त्यांनी भगिनी मंडळाच्या माध्यमातून महिलांना एकत्र आणले. पुढे अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत त्या पोहोचल्या, पण सुरुवात या स्थानिक कामापासून झाली होती.

१९२८मध्ये त्या मध्य प्रांताच्या कायदेमंडळात सदस्य झाल्या. नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी होते. मिळालेली जागा त्यांनी दोन वर्षांत सोडली. १९३०मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला, मध्य प्रांतात जंगल सत्याग्रह पेटला आणि अनसूयाबाई राजीनामा देऊन आंदोलनात उतरल्या.

१९३७मध्ये काय घडले?

१९३५च्या कायद्यानुसार प्रांतिक निवडणुका झाल्या. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा होत्या, त्यातल्या महिलांसाठी राखीव फक्त तीन. मतदानाचा हक्कही सरसकट नव्हता. मालमत्ता, शिक्षण किंवा नवऱ्याची पात्रता यावर बाईचे मत ठरायचे. या निवडणुकीनंतर घनश्यामसिंह गुप्त विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि उपाध्यक्षपद अनसूयाबाईंकडे आले. सभागृहात बाई उच्चासनावर बसून पुरुष सदस्यांना शिस्त लावते, हे दृश्य त्या काळी देशातच दुर्मीळ होते.

मात्र डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळात एकही महिला नव्हती. त्याच सुमारास संयुक्त प्रांतात विजयालक्ष्मी पंडित मंत्री झाल्या होत्या. म्हणजे महिलेला मंत्री करणे अशक्य नव्हते, मध्य प्रांतात ते केले गेले नाही इतकेच. मानाची खुर्ची महिलेला आणि खाती पुरुषांना, ही वाटणी पुढेही अनेकदा दिसली.

चिमूर-आष्टी प्रकरणात त्यांची भूमिका काय?

अनसूयाबाईंचे नाव विदर्भात घरोघरी पोहोचले ते या प्रकरणामुळे. १६ ऑगस्ट १९४२. नागपंचमीचा दिवस. चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे ‘चले जाव’ आंदोलनाचा भडका उडाला. गोळीबार झाला, संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले गेले. त्यानंतर चिमूरमध्ये लष्कर घुसले. पुरुषांची धरपकड झाली आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले.

खटले चालले आणि अनेकांना फाशीची शिक्षा झाली. बहुतेक खेड्यातली तरुण मुले. काँग्रेसचे मोठे नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर बंधने होती. अशा वेळी या कैद्यांचे प्राण वाचवण्यासाठी अनसूयाबाईंनी पाठपुरावा सुरू केला. दयेचे अर्ज, सरकारदरबारी खेटे, गांधीजींशी पत्रव्यवहार असे हे काम महिनोन् महिने चालले. जमावाने केलेल्या हत्यांचे समर्थन न करता फाशीला विरोध करायचा, ही तारेवरची कसरत होती. त्यांच्याबरोबर इतरही अनेक जण झटत होते. अखेर १९४५मध्ये फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या.

दहा वर्षांनी त्या मत मागायला निघाल्या, तेव्हा पाठीशी ही पुण्याई होती.

१९५२ आणि १९५७ : दोन निवडणुका, दोन विजय

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत मिळाले, पण यादीत नाव लावणे सोपे नव्हते. देशभरात सुमारे २८ लाख महिलांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशीच नोंद केली. निवडणूक आयोगाने ही नावे यादीत धरली नाहीत. अशा काळात नागपूरने काँग्रेसच्या तिकिटावर अनसूयाबाईंना लोकसभेत पाठवले. त्या लोकसभेत महिला होत्या जेमतेम पाच टक्के. हिंदू विवाह कायदा (१९५५) आणि हिंदू वारसा कायदा (१९५६) याच लोकसभेच्या काळात मंजूर झाले.

दुसरी निवडणूक अधिक अवघड होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपद संपले. फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, ती बाजूला पडली. चार महिन्यांत निवडणूक आली. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला जबर तडाखा दिला. नागपुरात मात्र अनसूयाबाई पुन्हा निवडून आल्या. मुदत पूर्ण होण्याआधीच, १९५८मध्ये त्यांचे निधन झाले.

खासदार म्हणून त्या १९५२ आणि १९५७च्या राष्ट्रपती निवडणुकीतील मतदारही होत्या. दोन्ही वेळा राजेंद्रप्रसाद विजयी झाले. उमेदवारांच्या यादीत दोन्ही वेळा एकही महिला नव्हती.

मग राष्ट्रपतीपदाचे गणित वेगळे कसे?

राष्ट्रपती निवडतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार. २०२२मध्ये एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते, महाराष्ट्रातील आमदाराचे १७५. येथे लोकप्रियतेपेक्षा कोणाकडे किती आमदार-खासदार आहेत, यावर निकाल ठरतो. २००२मध्ये कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना १,०७,३६६ मतमूल्य मिळाले, तर ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना ९,२२,८८४. २०१७मध्ये मीरा कुमार हरल्या. प्रतिभा पाटील जिंकल्या, कारण त्या सत्ताधारी आघाडीच्या उमेदवार होत्या. शिवसेनेनेही मराठी उमेदवार म्हणून आघाडी मोडून त्यांना मते दिली. हरलेल्या महिला आणि जिंकलेल्या महिला यांच्यातला फरक त्यांच्या पाठीशी असलेल्या संख्याबळाचा होता. महिलेने जिंकावे की नाही, हे येथे पक्ष उमेदवारी देतानाच ठरवतात.

अनसूयाबाईंनंतर नागपुरात कोण?

बापूजी अणे, जांबुवंतराव धोटे, बनवारीलाल पुरोहित, दत्ता मेघे, विलास मुत्तेमवार, नितीन गडकरी. यादी मोठी आहे, पण त्यात महिला नाही. १९६२ ते २०२४ या काळातील १६ लोकसभा निवडणुकांत नागपूरमधून एकदाही महिला निवडून आलेली नाही. वैदर्भीय मतदार महिलांना मत देत नाही, असेही म्हणता येत नाही. शेजारच्या अमरावतीने उषाताई चौधरी, प्रतिभा पाटील आणि नवनीत राणा यांना लोकसभेत पाठवले. भावना गवळी तर पाच वेळा खासदार झाल्या.

लोकसभा आणि विधानसभांमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा २०२३मध्ये मंजूर झाला, तोही जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेची अट घालून. राष्ट्रपतीपदाला तो लागू नाही. २०२४मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ महिला निवडून आल्या. त्यातल्या सात महाराष्ट्रातल्या, आणि विदर्भातल्या दहा जागांपैकी एक : चंद्रपूरच्या प्रतिभा धानोरकर.