बोरिवलीत जिच्या नावाचा चौक आहे, त्या कल्पना चावलाच्या शेवटच्या मोहिमेत वाळवंटातल्या धुळीचा माग काढला जात होता

बोरिवली पश्चिमेला एस. व्ही. रोडवर कल्पना चावला चौक आहे. पत्ता सांगताना, रिक्षा पकडताना, ट्रॅफिकला शिव्या घालताना लोक रोज हे नाव घेतात. अंतराळात गेलेली भारतात जन्मलेली पहिली महिला आणि कोलंबिया यानाच्या अपघातात गेलेली अंतराळवीर, एवढी ओळख बहुतेकांना असते. पण मुंबईच्या उपनगरांवर अधूनमधून जी धुळीची चादर पसरते, तिचाही कल्पनाशी संबंध आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

जानेवारी २०२२ आठवून बघा. रविवार होता, २३ तारीख. बोरिवली, अंधेरीपासून मुलुंडपर्यंत समोरच्या इमारती धूसर दिसत होत्या आणि सोसायट्यांमधल्या गाड्यांवर पांढरट भुकटी बसली होती. ती भुकटी मुंबईतल्या बांधकामांची नव्हती. पाकिस्तानच्या बाजूला उठलेलं धुळीचं वादळ कराचीवरून, अरबी समुद्र आणि गुजरात ओलांडून इथवर आलं होतं. धूळ येतेय हे उपग्रहांच्या चित्रांत आधीच दिसत होतं.

आता कल्पनाकडे वळू.

तिचा जन्म हरियाणातल्या कर्नालचा, १७ मार्च १९६२ चा. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जुलै १९६१ अशी तारीख लागली, कारण वय वाढवून सांगितलं होतं. आपल्याकडे घरटी एक उदाहरण सापडेल, तसंच हे. वडील बनारसीलाल फाळणीत सगळं मागे टाकून आलेल्या कुटुंबातले. त्यांनी शून्यातून टायरचा धंदा उभा केला. घरात तिला मोंटू म्हणायचे. गावात फ्लाइंग क्लब होता, त्यामुळे छोटी विमानं डोक्यावरून जायची आणि ती बघत बसायची. उन्हाळ्यात त्या पट्ट्यात आंधी येते. भर दुपारी आकाश पिवळं पडतं आणि दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. कल्पना त्याच हवेत वाढली.

चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात तिने विमानशास्त्र घेतलं, तेव्हा त्या शाखेत ती एकटी मुलगी होती. १९८२ मध्ये पदवी मिळाली. पुढे अमेरिकेला जायला घरून होकार यायला वेळ लागला, पण आला. टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतून १९८४ मध्ये मास्टर्स आणि बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातून १९८८ मध्ये पीएचडी झाली. मधल्या काळात जाँ-पिएर हॅरिसन या विमानचालन शिकवणाऱ्या तरुणाशी तिने लग्न केलं. नासाच्या एम्स केंद्रात तिचं काम होतं विमानाभोवतीची हवा कशी वाहते याचं गणित संगणकावर सोडवण्याचं. डिसेंबर १९९४ मध्ये तिची अंतराळवीर म्हणून निवड झाली.

पहिलं उड्डाण १९ नोव्हेंबर १९९७ चं. भारतात पेढे वाटले गेले, पण वर मात्र गडबड झाली. सूर्याचा अभ्यास करणारा स्पार्टन नावाचा छोटा उपग्रह यानाच्या यांत्रिक हाताने बाहेर सोडायचा होता आणि तो हात कल्पना चालवत होती. उपग्रह सुटला, पण चालूच झाला नाही. परत पकडायला गेल्यावर तो गरगर फिरायला लागला. शेवटी विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई यांनी यानाबाहेर जाऊन तो हातांनी धरून आणला. खापर कल्पनाच्या डोक्यावर फुटलं. नासाची चौकशी पाच महिने चालली आणि निष्कर्ष निघाला की सॉफ्टवेअरच्या मांडणीत आणि ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीतच खोट होती. तिच्यावरचा ठपका पुसला गेला. पहिल्याच फेरीत एवढं झाल्यावर पुन्हा संधी मिळेल का, अशी शंका कुणालाही आली असती. पण २००० मध्ये दुसऱ्या मोहिमेसाठी तिचं नाव आलं.

ही मोहीम म्हणजे एसटीएस-१०७. ती रखडतच गेली. २००२ च्या जुलैत उड्डाण ठरलं होतं, तेव्हा इंधन वाहून नेणाऱ्या भागात बारीक तडे सापडले आणि तारीख पुन्हा लांबली. अखेर १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया निघालं. सात जण, १६ दिवस, ८० च्या आसपास प्रयोग. दोन पाळ्या करून चोवीस तास काम. कल्पना लाल पाळीत होती, इस्रायलचा पहिला अंतराळवीर इलान रेमन यानेही त्याच पाळीत काम केलं.

रेमनकडे मुख्य काम होतं मायडेक्स या प्रयोगाचं. तेल अवीव विद्यापीठाने तो तयार केला होता. यानाच्या मालवाहू कप्प्यात एक कॅमेरा बसवलेला होता आणि त्यापुढे सहा फिल्टर होते, अतिनीलपासून अवरक्तपर्यंत. सहारा आणि आसपासच्या वाळवंटांतून उडालेली धूळ भूमध्य समुद्रावर आणि अटलांटिकवर कशी पसरते, हे त्यातून बघायचं होतं.

सहा फिल्टर कशाला, तर धूळ आणि धूर साध्या फोटोत सारखेच दिसू शकतात. धुराचे कण फार बारीक असतात. निळ्या रंगात ते ठळक दिसतात, पण अवरक्ताकडे जाल तसे जवळपास पारदर्शक होतात. वाळवंटातली धूळ जाडसर, ती दोन्हीकडे दिसते. अतिनीलची तर वेगळीच गंमत आहे. ओझोन मोजायला १९७८ मध्ये सोडलेल्या टॉम्स या उपकरणाच्या नोंदींत पुढे धूळ आणि धूरही सापडले. ते शोधणं हा त्या उपकरणाचा हेतूच नव्हता. मायडेक्सच्या दोन अतिनील फिल्टरांनी टॉम्सचीच पद्धत पडताळून बघायची होती. त्याच वेळी खालून एक विमान त्या धुळीत शिरून प्रत्यक्ष कण मोजणार होतं.

कॅमेरा कप्प्यात बसवलेला, त्यामुळे नेम धरायला यानही वळवावं लागायचं. मालवाहू कप्प्यातल्या प्रयोगांसाठी यान हवं तसं वळवण्याची जबाबदारी कमांडर रिक हजबंड आणि कल्पना यांच्यावर होती. त्याशिवाय ज्वलनाच्या प्रयोगांतही तिचा हात होता. त्यातला एक प्रयोग ज्योतीत काजळी कशी तयार होते याचा होता. काजळी म्हणजे धुराचा काळा भाग, जंगल पेटलं की वर जातो तोच.

वेळ मात्र चुकली होती. भूमध्य समुद्रावर धुळीचा हंगाम वसंतात, आणि उड्डाण लांबत लांबत जानेवारीत आलेलं. सुरुवातीला खाली ढग किंवा स्वच्छ समुद्र, धुळीचा पत्ता नाही. मोहिमेच्या उत्तरार्धात धूळ सापडली. रात्री त्याच कॅमेऱ्याने वादळी ढगांच्या वर चमकणारे दुर्मीळ प्रकाशझोतही टिपले. बरीचशी चित्रं तिथूनच पृथ्वीवर पाठवली गेली, म्हणून ती वाचली.

पृथ्वीवरच्या धुळीकडे इतक्या बारकाईने बघणाऱ्या यानाकडे मात्र कुणी नीट बघितलं नाही. उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. दुसऱ्याच दिवशी व्हिडिओत ते दिसलं. इंजिनिअरांनी लष्करी उपग्रहांकडून पंखाचे फोटो काढून घ्यावेत अशी मागणी केली, तीही एकदा नाही, तीनदा. वरिष्ठांनी ती पुढे जाऊ दिली नाही. २३ जानेवारीला कमांडर आणि पायलटला ईमेल गेला, त्यात काळजीचं कारण नाही असं कळवलेलं होतं.

१ फेब्रुवारी २००३ ला उतरायला १६ मिनिटं उरलेली असताना टेक्सासच्या आकाशात कोलंबिया फुटलं. पडणारे अवशेष श्रीव्हपोर्टच्या हवामान रडारवर ढगासारखे उमटले. सातही जण गेले. कल्पना ४० वर्षांची होती. तिच्या इच्छेप्रमाणे अस्थी अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या राष्ट्रीय उद्यानात विखुरल्या गेल्या.

चार दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी इस्रोच्या मेटसॅट उपग्रहाला कल्पना-१ हे नाव दिलं. १२ सप्टेंबर २००२ ला श्रीहरिकोटाहून गेलेला हा इस्रोचा फक्त हवामानासाठी बनवलेला पहिला उपग्रह. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशाला तो स्थिर होता. मुंबईचं रेखांश ७३ च्या जवळ, म्हणजे दोघांत जेमतेम एका अंशाचा फरक. अरबी समुद्र पूर्ण त्याच्या नजरेत.

कोलंबिया दीड तासात पृथ्वीला फेरी मारून पुढे जायचं. कल्पना-१ मात्र एकाच जागेवरून दिवसभर त्याच भागाची चित्रं पाठवत राहायचा. धूळ सकाळी कुठे होती आणि संध्याकाळी कुठे पोचली, हे अशाच उपग्रहातून कळतं. दिवसा तापलेल्या जमिनीपेक्षा वरची धूळ थंड असते, त्यामुळे उष्णतेच्या चित्रात ती वेगळी पडते. मार्च २०१२ मध्ये अरबस्तानाकडची धूळ समुद्र ओलांडून मुंबईवर आली, तेव्हा हा उपग्रह कामावर होता.

त्याची मर्यादा अशी की उष्णता बघणारा असा पट्टा एकच होता. पातळ ढग कुठला आणि धूळ कुठली, यात गल्लत व्हायची. २०१३ च्या इन्सॅट-३डी मध्ये त्या पट्ट्याचे दोन भाग केले. धूळ एका भागात जास्त उष्णता शोषते, पातळ बर्फाळ ढग दुसऱ्या भागात. दोन्ही चित्रांची वजाबाकी केली की फरक उघडा पडतो, आणि तोही रात्रीच्या अंधारात.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळलं, त्या दिवशीची धूळ मात्र या प्रकारातली नव्हती. गडगडाटी ढगातून खाली आदळलेल्या वाऱ्याने जवळचीच धूळ उडवली होती. असली वादळं तासाभरात उठतात आणि संपतात, तिथे रडार जास्त उपयोगी.

शिवाय उपग्रह वरून बघतो. धूळ दोन किलोमीटर उंचीवर आहे की आपल्या नाकाशी, हे त्याला सहज कळत नाही. मायडेक्सला खालून विमान लागलं ते यासाठीच, आणि मुंबईत तेच काम जमिनीवरची केंद्रं करतात. पुण्याच्या आयआयटीएमने २०१५ मध्ये मुंबईसाठी सफर यंत्रणा सुरू केली, तिची केंद्रं अंधेरी, बोरिवली, भांडुप अशा ठिकाणी आहेत.

कल्पना-१ ची रचना सात वर्षांसाठी होती, पण तो २०१७ पर्यंत टिकला. आता त्याच्या जागी इन्सॅट मालिकेतले नवे उपग्रह आहेत. दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला भाताची कापणी झाली की पंजाब-हरियाणात पेटवलेल्या शेतांचे ठिपके उपग्रहांच्या नकाशावर उमटतात आणि जिल्हावार मोजले जातात. त्या यादीत कर्नालही असतं.