नामदेवरायांचा शोक

श्रीनामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरचा धंदा शिंप्याचा. ज्ञानोबामाउलींबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली, आणि १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीस माउलींनी समाधी घेतली तीही डोळ्यांनी पाहिली. पुढे वर्षाच्या आत सोपानकाका, मुक्ताई, निवृत्तिनाथ, सगळेच गेले. नामदेवराय मात्र मागे राहिले.

आत्मा अमर, मग रडायचं कशाला, असं आम्ही सहज बोलून जातो. समाधीच्या अभंगांत नामदेवराय तसं बोलत नाहीत. तिथे प्रत्यक्ष गुरु निवृत्तिनाथांचा धीर सुटतो, संतमंडळी रडतात, पांडुरंगाचेही डोळे भरून येतात. वियोग ज्ञानियालाही झोंबतो, आणि रडणं हा काही भक्तीतला उणेपणा नव्हे, हे आम्हां वारकऱ्यांना त्या अभंगांनीच शिकवलं.

दरवर्षी त्या तिथीस आळंदीला हे अभंग कीर्तनात होतात. ज्याच्या घरचं माणूस नुकतंच गेलं असेल, त्याने ते जरूर ऐकावे. तिथे मोकळेपणी रडता येतं.

नामदेवराय १३५० साली पंढरीस महाद्वाराच्या पायरीशी विसावले. त्या पायरीवर आम्ही पाय देत नाही, माथा टेकतो.

रामकृष्णहरि!