लिंकनच्या सात वादसभा

अब्राहम लिंकन म्हटला की गुलामांना बंधमुक्त करणारा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आम्हांस येथे त्याच्या एका पराभवाविषयी लिहावयाचे आहे.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीतील एका लाकडी झोपडीत त्याचा जन्म झाला. शाळेचे दिवस सारे मिळून वर्षभरही भरले नाहीत. पुढे तो वकील झाला. आणि प्रौढपणी, सिद्धता म्हणजे काय हे कळावे म्हणून, त्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग अभ्यासले. भूमितीस कंटाळणाऱ्या आमच्या वर्गबंधूंनी हे अवश्य ध्यानात घ्यावे!

१८५८ साली इलिनॉय राज्यातील सिनेटच्या जागेसाठी तो स्टीफन डग्लसविरुद्ध उभा राहिला. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सात गावी दोघांच्या वादसभा झाल्या. पहिल्याने एक तास बोलावे, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यावे, मग पहिल्याने अर्ध्या तासात समारोप करावा, असा नियम होता. डग्लस ठेंगणा, परंतु भारदस्त आवाजाचा. सहा फूट चार इंच उंचीच्या लिंकनचा आवाज मात्र चिरका.

नव्या प्रदेशांत गुलामगिरीस शिरू द्यावे की नाही, हा वादाचा विषय. तेथील लोकांनीच ते मतांनी ठरवावे, असे डग्लस म्हणे. कानांस हे किती न्याय्य वाटते! त्या ‘लोकां’त गुलामाची गणना नव्हती, एवढेच काय ते झाकलेले राही. गुलामगिरीस प्रदेशाबाहेर ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या १८५७ च्या निकालाचा रोख होता. तेव्हा फ्रीपोर्टच्या सभेत लिंकनने विचारले, की राज्य बनण्यापूर्वी प्रदेशातील लोकांना तिला कायद्याने दूर ठेवता येईल काय? नाही म्हणावे तर इलिनॉयचे मतदार नाराज, होय म्हणावे तर दक्षिणेचे गुलाममालक. डग्लसने होय म्हटले: स्थानिक कायद्यांचे संरक्षण नसेल तर गुलामगिरी टिकणार नाही.

चार्ल्सटनच्या सभेत मात्र लिंकनने आरंभीच सांगून टाकले, की गोऱ्या-काळ्यांची सामाजिक व राजकीय समता आपणांस अभिप्रेत नाही. गाव बदलले की याचा रंग बदलतो, असा टोमणा डग्लसने पुढे मारला. स्वतःच्या श्रमाची भाकरी खाण्याच्या हक्कात काळा मनुष्य कोणाहूनही कमी नाही, असेही लिंकन याच सभांतून सांगत होता, हे खरे. तरीही ते भाषण वगळून त्याचे चरित्र सांगणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तो मतांसाठी तसे बोलला की त्याचे मतच तेव्हा तसे होते, यावर इतिहासकारांत अद्याप एकमत नाही.

त्या काळी सिनेटर विधिमंडळ निवडीत असे. ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लस विजयी झाला. लिंकनने वर्तमानपत्रांतील वादसभांची कात्रणे जपून ठेवली होती. प्रत्येक पत्र आपल्या पक्षाच्या वक्त्याचे भाषण नीटनेटके करून छापी. म्हणून त्याने स्वतःची भाषणे स्वपक्षाच्या पत्रातून आणि डग्लसची डग्लसच्या पक्षाच्या पत्रातून घेतली. १८६० साली त्यांचे पुस्तक निघाले. फ्रीपोर्टचे उत्तर दक्षिणेने विसरले नव्हते. डग्लसचा पक्ष दुभंगला आणि लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला.

१८६१ साली यादवी युद्ध पेटताच डग्लसने लिंकनची बाजू घेतली, संघराज्यासाठी भाषणे केली आणि जूनमध्ये तो शिकागोत वारला. लिंकनवर १४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाट्यगृहात गोळी झाडण्यात आली; दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा अंत झाला.