शिक्षकालाही कोर्टात उभे करणारी मुले : यानुश कोर्चाक

यानुश कोर्चाक हे टोपणनाव. खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. वॉर्साच्या ज्यू कुटुंबातले हे नावाजलेले बालरोगतज्ज्ञ आणि लेखक १९१२ मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावरच्या ज्यू अनाथालयाचे संचालक झाले. पहिल्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर म्हणून आघाडीवर गेले, तेव्हा ते घर स्टेफानिया विल्चिन्स्का या बाईंनी तगवले. नाव मात्र कोर्चाक यांचेच झाले.

१९१८ ला पोलंड स्वतंत्र झाला, तरी रशियाशी लढाई १९२१ पर्यंत चालली. पोरक्या मुलांनी शहर भरले होते. उपासमार आणि मारझोड पाहिलेल्या मुलांकडून हक्कांची यादी पाठ करून घेऊन काय साधणार? कोर्चाक यांनी मुलांच्या हाती न्यायालयच दिले. आठवड्यातून एकदा ते बसे. ज्यांच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही, अशा मुलांतून चिठ्ठी टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. मूल मुलावर खटला भरू शके, शिक्षकावरही. शंभराखालची सगळी कलमे माफ करण्याची किंवा सोडून देण्याची होती. सर्वांत कडक हजारावे, घरातून काढण्याचे. सहा महिन्यांत कोर्चाक स्वतः पाच वेळा आरोपी म्हणून उभे राहिले. एकदा मुलाच्या कानाखाली मारली म्हणून, एकदा मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून.

आपल्या शाळांत संविधानाची उद्देशिका रोज वाचली जाते, ते हवेच. पण छडी मारणाऱ्या गुरुजींची तक्रार पाचवीतल्या पोराने कुठे करायची, हे त्याला कोण सांगतो?

१९२६ मध्ये कोर्चाक यांनी मुलांनीच लिहिलेले साप्ताहिक सुरू केले, १९२९ मध्ये मुलाच्या आदराच्या हक्कावर पुस्तक लिहिले. रेडिओवर ते 'म्हातारा डॉक्टर' म्हणून बोलत. ज्यूद्वेष वाढला आणि १९३६ मध्ये तो कार्यक्रम बंद पडला.

१९४० मध्ये नाझींनी अनाथालय घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठी भिंत घालून कोंडलेल्या वस्तीत, हलवायला लावले. तिथे १८ जुलै १९४२ ला मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर' सादर केले. तीन आठवड्यांच्या आत सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीकडे नेले. निसटण्याची संधी असूनही कोर्चाक त्यांच्यासोबत गेले. स्टेफानियाही गेल्या.

१९७८ मध्ये पोलंडनेच संयुक्त राष्ट्रांपुढे बालहक्क कराराचा प्रस्ताव ठेवला. करार १९८९ ला झाला, भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला.